पुण्यात नवे आहात आणि घरात मुलं आहेत : सुट्टीची सहल कशी आखायची

पुण्यात मुलांना न्यायला काही नाही, अशी तक्रार नव्याने आलेली मंडळी करतात. बहुतेक वेळा जागा असते, पण आपण पोचतो तेव्हा ती बंद असते. महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी लवकर उघडतात, अकराच्या सुमारास फाटक लावतात आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतात. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. नाट्यगृहांच्या तिकीटखिडक्या सकाळी आणि संध्याकाळी काही तासच चालू असतात. पुण्यातल्या दुकानांच्या ‘एक ते चार’वर भरपूर विनोद झाले, बागांच्या अकरा ते चारबद्दल मात्र कोणी सांगत नाही. म्हणून इथे सहल आखताना वेळ आधी ठरवायची, ठिकाण नंतर.

आधी घरचं घड्याळ

तीन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर घरातून निघून घरी परत येईपर्यंत अडीच तास धरा. त्यात प्रत्यक्ष ठिकाणी तासभरच मिळतो आणि तो पुरतो. चार ते सात वर्षांच्या मुलांना साडेतीन तास झेपतात. आठच्या पुढे अर्धा दिवस काढता येतो, पण एका दिवसात मुख्य ठिकाण एकच ठेवा. सकाळी शनिवारवाडा, मग संग्रहालय, मग बाग असा बेत मोठ्यांना भरगच्च वाटतो आणि मुलं दुसऱ्याच ठिकाणी फतकल मारून बसतात.

मग नकाशा उघडा. घरापासून अर्ध्या तासात काय येतं आणि तासाभरात काय येतं, हे शोधताना निघायची वेळ शनिवार सकाळ आठ अशी टाकून बघा. नंतर तेच अंतर संध्याकाळी सहाची वेळ टाकून बघा. वाकडहून कात्रज किंवा वाघोलीहून सिंहगड रस्ता हे सकाळी जमतं, संध्याकाळी परतीचा वेळ दुपटीवर जातो आणि मूल गाडीत झोपतं. ते रात्री अकरापर्यंत जागं राहणार, हे वेगळं सांगायला नको. लांबचं ठिकाण सकाळी, जवळचं संध्याकाळी, एवढं पाळलं तरी निम्म्या कटकटी टळतात.

एका कागदावर आठ-दहा ठिकाणांची यादी करा. प्रत्येकापुढे साप्ताहिक सुट्टी, दुपारची सुट्टी, सावली आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे आणि पावसात चालेल का, एवढंच लिहा. हा कागद एकदा केला की दर शनिवारी रात्री साडेदहाला ‘उद्या कुठे जायचं?’ ही चर्चा होत नाही.

माहिती ताजी आहे का, कसं ओळखायचं

नकाशावर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. त्याच पानावर लोकांनी टाकलेले फोटो चाळा. प्रवेशद्वारावरच्या ‘वेळ व दर’ फलकाचा फोटो कोणीतरी काढलेला असतोच. फोटोची तारीख बघा, सहा महिन्यांच्या आतला असेल तर भरवसा ठेवा. अभिप्राय ‘नवे आधी’ असे लावून वरचे दहा वाचले की खेळणी मोडली आहेत का, काम चालू आहे का, हे कळतं.

शुक्रवारी दुपारी फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. रविवारी चालू आहे का? मधली सुट्टी किती ते किती? शेवटचं तिकीट किती वाजता मिळतं? तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. फाटक सहाला बंद होणार असेल तर खिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते, आणि सव्वापाचला पोचलेल्या कुटुंबाला बाहेरच्या भुट्ट्यावर समाधान मानावं लागतं.

नाटकांसाठी मराठी दैनिकांच्या पुणे पुरवण्यांमधल्या जाहिराती अजूनही सगळ्यात उपयोगाच्या. बालनाट्यांचे प्रयोग उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदम वाढतात, एरवी तुरळक. बालगंधर्व, भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण ही नावं जाहिरातीत शोधा. मूल पहिल्यांदाच येत असेल तर कडेची खुर्ची घ्या, पहिली रांग नको. अंधार झाल्यावर घाबरलेल्या मुलाला बाहेर नेताना दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. सोसायटीचा व्हॉट्सॲप गट ‘डॉक्टर कोण चांगला’ यासाठी उत्तम. सहलीसाठी मात्र तिथे फिरणारी चित्रफीत कुठल्या साली, कुठल्या महिन्यात काढली होती, हे विचारल्याशिवाय निघू नका. जुलैतला हिरवागार डोंगर एप्रिलमध्ये पिवळा आणि उघडाबोडका असतो.

पहिल्या चार सहली

पहिली मेट्रोची. गाडीची चावी घरी ठेवा. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशा दोन मार्गिका आहेत, त्या जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. तिथे भुयारी फलाटावरून वरच्या मार्गिकेकडे जाताना लागणारे सरकते जिने हेच मुलांच्या दृष्टीने मुख्य आकर्षण. हे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्थानकांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत, ती नदीपात्राच्या बाजूने नीट दिसतात. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते. सरकत्या जिन्यावर लांब ओढणी आणि मऊ रबरी चपलांकडे लक्ष ठेवा. क्रॉक्ससारखी चप्पल जिन्याच्या कडेला अडकते, म्हणून मुलाला पायरीच्या मधोमध उभं करायचं.

मंडई स्थानकावर उतरलात तर महात्मा फुले मंडईची जुनी दगडी इमारत आणि तुळशीबाग पायी अंतरावर आहेत. तिथून बाजीराव रस्त्याने राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. तीन मजले आहेत, सगळे बघायचे नाहीत. मुलाच्या हातात एक कागद द्या आणि तीन वस्तू शोधायला सांगा: पाय घासायची वज्री, सुपारीचा अडकित्ता आणि सगळ्यात लहान दिवा. या वस्तूंचे कितीतरी नमुने तिथे आहेत. पितळेच्या वज्रीवर मोर किंवा घोडा बसवलेला दिसला की मूल आपणहून पुढच्या काचेकडे जातं. वज्री आजीच्या घरी न्हाणीत असते, इथे ती काचेत का ठेवली आहे, हा प्रश्न येतोच. पाऊण तास झाला की बाहेर पडा. शोध अपुरा राहिला तर पुन्हा यायला निमित्त राहतं.

दुसरी सहल स्वारगेटच्या बाजूची. सारसबाग, तळ्यातला गणपती आणि शेजारचं पेशवे पार्क. इथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे. आज नातवंडं घेऊन आलेले आजोबा स्वतः तिच्यात बसलेले असतात. फेरी छोटी, रांग मोठी. उन्हाळी सुट्टीत आणि रविवारी संध्याकाळी रांगेतच मुलाचा उत्साह संपतो, त्यामुळे फाटक उघडताना पोचा. एक जण रांगेत आणि दुसऱ्याने मुलाला बागेत फिरवायचं, असं वाटून घ्या. पर्वतीही इथून जवळ आहे. १०३ पायऱ्या, पण रुंद आणि उतरत्या असल्याने चार वर्षांचं मूलही चढतं. वर गेल्यावर आपण कुठल्या दिशेने आलो, हे मुलाला शोधू द्या. उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर तिथला दगड तापतो.

तिसरी कात्रजची. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे, आणि चुकतं ते इथेच. पिंजऱ्यांच्या रांगा असलेलं जुनं प्राणिसंग्रहालय डोक्यात ठेवून लोक येतात. इथे प्राण्यांना मोठे खंदक आणि झाडी आहे, दोन प्राण्यांमध्ये चालणं पुष्कळ. फाटक उघडल्यावर लगेच आत शिरा. सकाळी प्राणी हालचाल करतात. बारानंतर वाघ झाडाखाली पसरतो आणि शेपटीपलीकडे काही दिसत नाही. बॅटरीवरच्या गाडीचं वेगळं तिकीट असतं. लहान मूल असेल तर लांबच्या टोकापर्यंत गाडीने जा आणि परत येताना चाला, उलट करू नका. मुलं थकतात ती शेवटच्या टप्प्यात. सर्पोद्यान कधी बघायचं हे मुलाच्या स्वभावावर ठरवा. घाबरट मुलाला ते शेवटी दाखवा, नाहीतर पुढचे दोन तास ते कडेवरून उतरत नाही. शेकरू आवर्जून शोधा, तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

चौथी टेकडीची, आणि पैसे न लागणारी हीच. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी. तुमच्या घराजवळची जी असेल ती. सकाळी साडेसहाला सुरुवात, साडेआठला खाली. माणशी अर्धा ते एक लिटर पाणी, मुलांना बंद बूट, पूर्ण पायाची विजार. गवतातली कुसळं मोज्यात घुसतात, म्हणून पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत मोजे जाड नकोत, गुळगुळीत हवेत. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी साठतं, काठ सरळ तुटलेले आहेत. तिथे मुलाचा हात सोडू नका. मोर दिसेल अशी आशा दाखवू नका. आवाज मात्र बहुधा ऐकू येतो.

कडक ऊन किंवा झड असेल तेव्हा

मॉलमधल्या खेळघरापेक्षा चांगले पर्याय आहेत. कोथरूडला संगम प्रेसजवळ जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. छोट्या शहरातून धावणाऱ्या आगगाड्या, सिग्नल, उड्डाणपूल आणि मग दिवे मालवून रात्रीचा देखावा. खेळ अर्ध्या तासाच्या आत संपतो, त्यामुळे खेळाच्या वेळा फोनवर विचारूनच निघा. नळ स्टॉप स्थानकावरून रिक्षा करा, गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं नशिबाचा भाग. रेल्वेवेडं मूल असेल तर सलग दोन खेळ बघायची तयारी ठेवा.

पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांना चिंचवडचं सायन्स पार्क आणि तिथलं तारांगण सोयीचं. तारांगणात अंधार आणि मोठा आवाज असतो, पाचच्या आतलं मूल बऱ्याचदा रडतं. खराडी-वाघोलीकरांना रामवाडी किंवा कल्याणीनगर स्थानकाहून आगाखान पॅलेस जवळ आहे. ऊन असलं तरी मोठी झाडं आणि व्हरांडे आहेत, आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणीही याच खात्याची. एका अखंड खडकात कोरलेला गोल नंदीमंडप, आत गारवा. अर्ध्या तासात होते.

थोडी मोठी मुलं असतील तर विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था, आयुका, विसरू नका. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होतात. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आवार सगळ्यांना खुलं करतात. त्या दिवशी गर्दी उसळते, म्हणून सकाळच्या पहिल्या तासात जा आणि आधी कुंडातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे मुलांना दाखवून घ्या. नंतर तिथे फोटोवाले हलत नाहीत. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण बघायला मिळते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मोबाईल बंद ठेवायला सांगतात, कारण त्याच्या लहरी आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींत मिसळतात. हे कारण मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे बाबांचा फोन बंद करायचं काम ती आनंदाने करतात.

लांबचं, सवय झाल्यावर

सिंहगडला स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची ५० क्रमांकाची बस जाते. मोठा माणूस तासा-सव्वा तासात चढतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोन तास द्या, शेवटचा टप्पा खडा आहे. पाच वर्षांच्या मुलाला गाडीने वर नेऊन पुणे दरवाजा, देवटाके आणि कल्याण दरवाजा दाखवा, त्याला तोच गड खूप झाला. पावसाळी रविवारी मात्र घाटात गाड्यांची रांग लागते. शनिवारी सकाळी सातला वर, दहापर्यंत पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि परत. कुठल्याही गडावर किंवा लेण्यात कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. धूर करू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका, मुलांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्या तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून लांब पळायचं.

लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी ही गाडीशिवाय होणारी उत्तम सहल. स्थानकापासून पायथा अडीच-तीन किलोमीटर, मग पायऱ्या. दुपारी लोकल कमी असतात, परतीचं वेळापत्रक आधीच टिपून ठेवा, नाहीतर मळवलीच्या फलाटावर दोन तास काढावे लागतात.

डिसेंबर ते मार्च या काळात भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे, पहाटे पाचला निघा. स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात. जीवरक्षक जाकीट मुलाच्या मापाचं आहे का, हे पैसे ठरवायच्या आधी विचारा. मोठ्यांचं जाकीट मुलाच्या डोक्यावरून निसटतं, त्याचा उपयोग शून्य. गडद लाल-केशरी कपडे टाळा. दुर्बीण एकच असेल तर भांडणं होणार, हे धरून चाला. परतताना चिलापी माशाचं ताट मिळतं.

पावसाळ्यात कुठे जायचं नाही

जून ते सप्टेंबरमध्ये धबधब्याच्या प्रवाहात, धरणाच्या सांडव्यावर आणि नदीवरच्या जुन्या पुलावर मुलांना नेऊ नका. यात सूट नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात पुण्याची एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा पूल गर्दीच्या भाराने कोसळला. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात कोसळणारा पाऊस दहा-पंधरा मिनिटांत खाली पोचतो. पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंचावर जायचं. जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश दर पावसाळ्यात निघतात, ते निघायच्या आदल्या दिवशी बघा. पाऊस अनुभवायचा असेल तर भाताची खाचरं दिसतील असा मावळातला किंवा मुळशीतला साधा रस्ता, रेनकोट आणि गरम कणीस पुरेसं आहे.

सण

ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. आगमनाच्या मिरवणुकीत चेंगराचेंगरी असते. दुसऱ्या दिवशी मुक्काम असताना भवानी पेठ-नाना पेठेत सकाळी फेरी मारली तर मुलांना वारकऱ्यांशी बोलता येतं, टाळ हातात घेता येतो. गणेशोत्सवातले देखावे पहिल्या तीन-चार दिवसांत, कामाच्या वारी, संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास बघून घ्या. गौरी विसर्जनानंतरच्या रात्री मुलांच्या उंचीवरून फक्त पाठी दिसतात. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, चुकामूक झाल्यावर कुठल्या मांडवाच्या स्टेजजवळ थांबायचं हे निघतानाच ठरवा, आणि गर्दीत जाण्याआधी मुलाचा एक ताजा फोटो काढा. आज मुलाने कुठल्या रंगाचा सदरा घातला आहे, हे घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही.

दिवाळीत मुलांचा मातीचा किल्ला. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या काही घरांत ही पद्धत नसते, आणि शेजारच्या मुलांमध्ये मिसळायला याच्यासारखी संधी नाही. सोसायटीच्या कडेची दीड बाय दीड मीटरची जागा मागून घ्या. पोती, विटा, फुटके दगड यांचा ढिगारा, त्यावर ओल्या मातीचा लेप. लाल माती आणि मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यात आणि मंडईच्या आसपास मिळतात. शिवाजी महाराज मोठे घ्या, मावळे लहान, नाहीतर बुरूज खुजे दिसतात. लेप एकदम जाड दिला तर वाळताना तडकतो, दोन पातळ थर द्या. हिरवळीसाठी अळीव मातीवर शिंपडून हलक्या हाताने दाबा, वर ओलं गोणपाट घाला आणि दोन दिवसांनी काढा. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात, म्हणून वसुबारसेच्या आधीच्या रविवारी काम सुरू करायला हवं. पाणी फवाऱ्यानेच मारायचं, मग्याने ओतलं की तट वाहून जातो.